बोटांच्या टोकांपर्यंत

"कोपरावर दे," अम्मा म्हणाल्या. "हातात नको."

मी मिस्बाहला पुढे केलं होतं, ती तशीच माझ्या हातांत लटकत राहिली. गॅसवर दूध वर येत होतं, मोरीत नळाखाली बादली भरून वाहत होती, आणि रात्री पोरीने मला सलग तासभरही डोळा लावू दिला नव्हता. अम्मा खिडकीखाली पाटावर बसल्या होत्या. दोन्ही हातांच्या बोटांना त्यांनी जुन्या ओढणीच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. पट्ट्यांतून तूप झिरपत होतं.

"हाताला काय झालं?"

"काय नाय झालं. व्हायचं हाय."

"कारखान्याची गाडी गेली मघाशी."

"जाऊ दे. मी सोडला कारखाना."

घरातला चहा संपला असं सांगावं तशा त्या बोलल्या. तोवर दूध उतू गेलं.

अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई, हलिमा. गावाबाहेरच्या काजूच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म टरफलं फोडली. माझा नवरा सरफराज मस्कतला क्रेन चालवायचा आणि दोन वर्षांतून एकदा यायचा, त्यामुळे घरात आम्ही तिघीच. मी तालुक्याच्या उर्दू हायस्कुलात मराठी शिकवत होते. बाळंतपणाची रजा उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत कशीबशी ताणली होती, आणि शाळा उघडायच्या दिवशी हजर झाले नाही तर माझी जागा दुसरीला जाईल, हे मुख्याध्यापिकांनी फार गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. ठरलं होतं ते असं, की तोपर्यंत अम्मा कारखाना सोडतील आणि पोरीला सांभाळतील. म्हणजे त्यांनी कारखाना सोडला हे ठरल्याप्रमाणेच झालं. पण पोरीला हात लावायचा नाही, हे ठरलं नव्हतं.

"आता घ्या ना जरा. मी दूध पुसते."

"घेते की. कोपरावर दे."

मी दिली. अम्मांनी दोन्ही कोपरं पुढे केली, मुठी आत वळवल्या आणि नातीला जळणाची मोळी धरावी तशी धरली. त्या तिला जन्मापासून तशाच धरायच्या. मला आधी नवल वाटलं होतं, मग राग आला होता, आणि मग मी माझ्यापुरता अर्थ लावून टाकला होता: मुलगी झाली म्हणून. फोनवर सरफराजला तसं सांगितलंसुद्धा.

"छे गं," तो म्हणाला होता. "ती तशीच आहे. मलाही तिने कधी हाताने भरवलेलं आठवत नाही. चमच्याने भरवायची."

"का पण?"

"कामाची बाई. वेळ कुठे होता तिला."

मी विषय बदलला.

हे तुपाचं प्रकरण सुरू झालं त्याच्या आदल्या दिवशी जुमेरात, म्हणजे गुरुवार होता. आमच्याकडे जुमेरातीला दुपारी मदरशाच्या वरच्या खोलीत बायकांचा दर्स असतो. कुराणातल्या एक-दोन आयती वाचायच्या, मग कोणीतरी त्यांचा अर्थ समजावून सांगायचा. एरवी अम्मा जात नसत. दुपारी त्या कामावर. पण त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती आणि रत्नागिरीहून सुमैय्या आपा येणार होत्या. या आपा कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या, अरबी शिकलेल्या होत्या, आणि त्यांची माझी कॉलेजपासूनची ओळख. मीच अम्मांना ओढून नेलं.

आपांनी कयामतच्या सूरहची, कुराणातल्या त्या अध्यायाची, सुरुवात घेतली. माणसाला वाटतं का, की त्याची हाडं आम्ही पुन्हा गोळा करणार नाही? हाडं तर करूच, त्याच्या बोटांची टोकंसुद्धा होती तशी नीट करू, अशा अर्थाची ती आयत. आपांनी फळ्यावर एक हात काढला आणि बोटांच्या शेंड्यांवर खडू टेकवला.

"जुन्या लोकांनी इथे अर्थ घेतला तो शरीरातल्या बारीक हाडांचा, पेरांचा. एवढं बारीकसुद्धा सुटणार नाही, असा. तो बरोबरच आहे. पण हल्लीचे भाषेचे अभ्यासक विचारतात, की शब्द हाच का? नाक का नाही, कान का नाही? बोटाचं टोकच का? आणि आज आपल्याला माहीत आहे, की जगात दोन माणसांचे ठसे सारखे नसतात. बघा बरं आपापली बोटं."

खोलीभर बायका आपापल्या अंगठ्यावर वाकल्या. लहान मुलींच्या वर्गासारखं दिसत होतं ते. अम्मांनीही हात उघडून मांडीवर ठेवला. त्यांच्या बोटांची टोकं वापरून झिजलेल्या साबणासारखी होती, गुळगुळीत, आणि कडेने काळ्या भेगा. काजूच्या टरफलात तेल असतं, त्याला आमच्याकडे चीक म्हणतात. तो कातडी जाळतो. रेशनच्या दुकानात यंत्रावर अम्मांचा अंगठा कधी उठत नसे, दुकानदार म्हणायचा, "हलिमाचाची, तुम्ही बिनधास्त दरोडा घाला, पोलिसांच्या हाती काही लागणार नाय." अम्मापण हसायच्या.

त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. घरी येताना वाटेत एवढंच विचारलं, "कातडी जाऊन नवी यायला किती दिवस लागतात गो?"

मी मिस्बाहच्या टोपीची नाडी बांधत होते. "महिनाभर लागत असेल," मी म्हटलं आणि विसरून गेले.

आणि आता हे तूप.

मला वाटलं, एक-दोन दिवसांचं खूळ असेल. पण अम्मांनी मनावरच घेतलं. भांडी नाहीत, कपडे नाहीत, मिरची नाही, विळी नाही. जेवायच्या तेवढ्या, तेही चमच्याने. नमाजच्या वेळी पट्ट्या सोडायच्या, हात धुवायचे, नमाज झाली की खिडकीतल्या उजेडात बोटं धरून बघत बसायच्या, पुन्हा तूप, पुन्हा पट्ट्या. दोघींची कामं एकटीवर आली. आधीच माझी झोप म्हणजे झोप नव्हती. मिस्बाह जरा जास्त वेळ शांत राहिली, की मी उठून तिच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास लागला की पडायची, पडल्यावर वाटायचं की तो आपल्याच बोटाचा भास असेल, आणि पुन्हा उठायची. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी दुवा पढून फुंकलेलं पाणी आणून दिलं असतं.

शेजारच्या कुलसुमखाला दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बसलीय बघ नवाबाची बायको. मेंदी लावल्यासारखी."

"तुज्या लग्नात लावायची राहिली होती," अम्मा म्हणाल्या, "ती आता लावतंय."

"माझ्या लग्नाला आता दुसरा नवरा बघावा लागेल."

"बघ. माजी बोटं बरी होईपर्यंत थांब."

त्या दोघी हसल्या. मी आत भांडी घासत होते. मला हसू आलं नाही. मला कळून चुकलं होतं, किंवा मला तसं वाटत होतं: म्हातारीला धास्ती बसली आहे. बोटांवर ओळख असते असं आपा म्हणाल्या, आणि हिच्या बोटांवर काहीच नाही. रेशनवाल्याने परत पाठवलं तसं कयामतच्या दिवशीही परत पाठवतील, असं तिच्या मनात बसलंय.

मी शिकलेली होते. मला वाटलं, समजावलं की निघेल. कपाटावर सासऱ्यांच्या वेळचं उर्दू भाषांतर असलेलं कुराण होतं. मिस्बाहला पायांवर झोपवून मी ती आयत काढली, खालची टीप वाचली.

"हे बघा अम्मा, यात ठशांचं काही नाही. ते हल्लीचं आहे. इथे नुसतं बोटांची टोकं म्हटलंय."

"मग. टोकंच. मीपण तेच म्हणतंय."

"म्हणजे रेषा नसल्या तरी काही बिघडत नाही. अल्लाहला काय अंगठा लावून घ्यावा लागतो का?"

"रेशनवाला हाय का तो," अम्मा म्हणाल्या.

"मग पट्ट्या सोडा."

"अजून नाय."

"शाळा उघडायला किती दिवस राहिलेत माहीत आहे ना तुम्हाला? हिला घेणार कोण?"

"मीच घेणार. पण अजून नाय."

"कधी मग?"

त्यांनी खिडकीकडे हात धरला, डोळे बारीक करून बघितलं. "अजून सोलवटतंय," त्या म्हणाल्या. स्वतःशीच बोलल्यासारखं.

त्यानंतर एका दुपारी ते झालं. मी मिस्बाहला पाजत भिंतीला टेकून बसले होते. बाहेर उकाडा, पंखा बंद, वीज नव्हती. मला आठवतं ते इतकंच, की भिंत गार लागत होती. मग माझ्या खांद्यावर काहीतरी जोराने आपटलं आणि मी दचकून जागी झाले. अम्मा वाकल्या होत्या, कोपराने मला ढकलत होत्या. "उठ गो, पोरगी गुदमरंल, उठ." मिस्बाहचं तोंड माझ्या अंगाखाली दाबलं गेलं होतं. मी तिला उचललं. ती लालबुंद झाली होती, एक क्षण तिने श्वासच घेतला नाही, आणि मग तिने जो टाहो फोडला तो कुलसुमखालांच्या घरापर्यंत गेला.

ती रडतेय हे कळल्यावर मी तिला खांद्यावर घेतलं. आणि मग मला दिसलं ते अम्मांचे हात. तसेच वर धरलेले, पट्ट्यांतले, एखाद्याने सुया टोचल्यावर धरावेत तसे.

"कोपराने?" मी म्हटलं. "तुम्हाला हात नाहीत? पोरगी मरत होती आणि तुम्ही तूप सांभाळताय?"

अम्मा मागे सरल्या. पाटावर जाऊन बसल्या.

मी आतल्या खोलीत जाऊन मुख्याध्यापिकांना फोन लावला, की मी येऊ शकणार नाही, जागा देऊन टाका. त्यांनी फोन उचलला नाही. मग मी सुमैय्या आपांना लावला. त्यांना सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण त्या मध्येच म्हणाल्या, "इफ्फत, तू जेवलीस का आज?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून झालंय हे. तुम्हीच येऊन काढा ते डोक्यातून."

येत्या जुमेरातीला दर्ससाठी त्या येणारच होत्या. दर्स आटोपून त्या आमच्याकडे आल्या. बुरखा काढून खुंटीला लावला, पाणी प्यायल्या, घाम पुसला. कॉलेजातलं काम, घर, एसटी, हे सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मिस्बाह झोळीत झोपली होती. आपा अम्मांसमोर खालीच बसल्या.

"चाची, मी त्या दिवशी सांगितलं तो एक अर्थ आहे. नव्या लोकांचा. शब्दात तेवढी जागा आहे म्हणून ते लावतात. चुकीचा नाही, पण आयत त्यासाठी नाही. ती एवढंच सांगते, की माणसाचं काहीही हरवणार नाही. जे इथे जळलं, झिजलं, ते तिथे पुरं करून मिळेल. जिथल्या तिथे."

एखादं शेजारचं पोर पाठ केलेलं म्हणून दाखवतं तेव्हा ऐकावं तसं अम्मांनी ऐकून घेतलं.

"तुमचं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "चा घेता?"

आपांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली: बघा, असं चाललंय.

"हात बघू," आपा म्हणाल्या. त्यांनी एकेक पट्टी सोडली. आतून गुलाबी, नवी कातडी निघाली होती, उकडलेल्या रताळ्याच्या सालीखाली असते तशी. काळ्या भेगा बऱ्याच भरल्या होत्या. आपांनी बोट उजेडात फिरवून बघितलं, आणि मग त्या जे बोलल्या ते ऐकून मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं.

"रेषा नाही येणार परत, चाची. खोलवर जळलंय."

"रेषा कोणाला पायजेत बाई. मऊ झालीय का तेवढं बघा."

"मऊ आहे."

"तसं नाय. गालाला लावून बघा. बोचतंय का?"

आपांनी ते बोट उचलून स्वतःच्या गालावर फिरवलं. "नाही बोचत."

"वास येतो का? चिकाचा?"

आपांनी हुंगलं. "तुपाचा येतो."

अम्मांनी पहिल्यांदाच खोल श्वास सोडला.

"अम्मा," मी म्हटलं, "मग हे सगळं चाललंय कशासाठी?"

त्यांनी उत्तर दिलं ते मला नाही, आपांना.

"सरफराजच्या आधी मला एक होती. शमीम."

हे नाव मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. सरफराजनेही ऐकलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

"कारखान्यात न्यायची तिला. खांबाला झोळी बांधायची. तेव्हा मशीन नव्हती, भाजलेली बी हातोडीने फोडायची. हात असे मनगटाच्या वर काळे. राखेने घासा, खोबरेल लावा, भेगेतला चीक जात नाय. पोराच्या कातडीला लागला की फोड. एकीच्या पोराचा गाल सोलून निघालेला, मी बघितलाय. म्हणून आमी सगळ्या पोरं कोपरावर धरायच्या. पाजायचं पण तसंच, हात वर करून."

त्यांनी हात वर करून दाखवले. भिंतीजवळ मी बसले होते त्या दुपारी होते तसेच.

"तेवढं पोर असतं ना, बोट दिसलं की धरतं. शमीम पण धरायला यायची. धरलं की तोंडात घालणार, ते मला माहीत. म्हणून मी ओढून घ्यायची. रोज यायची, रोज ओढून घ्यायची. मग यायची बंद झाली." अम्मा थांबल्या. "शिकली ती. मग पुढे जुलाब लागले नि गेली. न्हाऊ घातली ती पण दुसऱ्या बायकांनी. म्हणाल्या, तू नको लावू हात."

आपांनी अम्मांचं बोट पुन्हा हातात घेतलं होतं. त्यांना ते सोडायचं सुचत नव्हतं.

"त्या दिवशी तुमी म्हणालात, टोकं पण जशीच्या तशी देणार. मी म्हटलं, म्हणजे तिची बोटं येणार तिथे. मग ती धरायला येईल. तेव्हा माजी ही अशी असली तर मी काय करू? परत ओढून घेऊ?"

"तिथे तुमचीही चांगली होऊन येतील, चाची. तेच तर म्हणत होते मी."

"येतील. बोटं तिथे मिळतील. पण ओढून घ्यायची सवय? ती तर माज्याबरोबरच येणार ना? ती इथेच मोडायला पायजे." त्यांनी झोळीकडे बघितलं. "म्हणून म्हटलं, आधी कातडी होऊ दे. हिला लागलं-बिगलं तर काय करा. इफ्फतचा जीव एवढासा, तिला सांगून उगाच कशाला घाबरवायची. असंच रात्रभर पोरीच्या नाकाशी बोट धरून असते."

मला वाटत होतं ते कोणाला माहीत नाही.

थोड्या वेळाने अम्मांनी आपांना विचारलं, "ती तेवढीच असेल का हो तिथे? का मोठी झाली असेल?"

आपा काहीतरी सांगायला गेल्या. मला दिसलं, त्यांच्या तोंडाशी दोन-तीन उत्तरं येऊन गेली. मग त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, चाची. खरंच माहीत नाही."

"बरं," अम्मा म्हणाल्या. त्या उत्तराने त्यांचं आधीच्या सगळ्यापेक्षा समाधान झाल्यासारखं वाटलं.

"मी यापुढे तो ठशांचा भाग सांगणार नाही," आपा म्हणाल्या.

"का म्हणून? सांगा की. बायकांना आवडला."

झोळी हलायला लागली. मिस्बाह जागी झाली होती, अजून रडत नव्हती, तिचं ते उठल्यावरचं पुटपुटणं चाललं होतं. मी उठले, तिला काढलं, आणि अम्मांच्या मांडीवर ठेवलं. कोपरावर नाही, मांडीवर. आणि हात काढून घेतले.

"तूप हाय हातांना," अम्मा म्हणाल्या.

"असू दे."

अम्मांनी एक बोट पुढे केलं. अगदी थोडं, गरम तव्याजवळ नेतात तसं. मिस्बाहने त्याच्याकडे बघितलं, दोनदा हात हुकला, तिसऱ्यांदा तिने ते मुठीत धरलं आणि तोंडाकडे ओढलं. अम्मांचा हात झटक्याने मागे गेला. पोरीची मूठ रिकामी हवेत राहिली.

अम्मांच्या कपाळावर घाम आला होता. मी पुढे होणार होते, आपांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं.

अम्मांनी पुन्हा बोट पुढे केलं. मिस्बाहने धरलं. या वेळी हात मागे गेला नाही. पोरगी ते तूप लागलेलं बोट तोंडात घालून चोखायला लागली, आणि अम्मा मान वाकवून तिच्याकडे बघत राहिल्या. तोंड सोलून निघतंय का, याची वाट बघत असाव्यात. बराच वेळ. काहीच झालं नाही.

"दात येतायत वाटतं," अम्मा म्हणाल्या. "हिरडी लागतेय."

माझी पाठ भरून आली होती. इतके महिने उभ्याने ताणून धरलेलं काहीतरी कमरेपाशी सुटलं. "मी जरा पडते," मी म्हटलं, आणि आतल्या खोलीत जाऊन जमिनीवरच आडवी झाले. दार लावलं नाही. फोन वाजला, मुख्याध्यापिकांचा असणार. शाळेत येणार आहे हे उद्या सांगता येईल, असं वाटलं आणि मी तो पालथा घातला. बाहेर आपा स्वयंपाकघरात डबे उघडत होत्या. झाकण हातातून निसटून फरशीवर वाजलं.

"साखर कुठे असते, चाची?"

"हळू," अम्मा म्हणाल्या. "इफ्फत निजलीय."

ते मी ऐकलं. त्यानंतर बाहेर पोरगी रडली का, हसली का, मला काहीच ऐकू आलं नाही.